जुन्या गाडीचा आवाज आणि वायरिंग: गॅरेज गाठण्याआधी घरी काय तपासावं

गाडी गॅरेजच्या दारात नेली की आवाज बंद होतो. जिंतूरपासून परभणीपर्यंत खडखडत आलेली गाडी उस्तादाने चालवून बघितली की एकदम गुणी पोरासारखी गप्प. मग आपण तोंडाने आवाज काढून दाखवतो, उस्ताद मान हलवतो आणि अंदाजाने एखादा पार्ट बदलतो. अंदाज चुकला तरी पार्टचे पैसे आपलेच.

मी मेकॅनिक नाही, शाळामास्तर आहे. एकच मारुती ८०० बरीच वर्षं वापरतोय आणि तिच्यापायी जे शिकलो ते इथे सांगतोय. वडिलांची जुनी गाडी हातात आली असेल, किंवा एमएच-२२, एमएच-२४ नंबरची सेकंडहँड वॅगनआर नुकतीच घेतली असेल, तर हे तुमच्यासाठी. यातलं सगळं काम स्वतः करा असं माझं म्हणणं नाही. दोष कुठल्या कोपऱ्यात आहे एवढं घरी कळलं, तरी गॅरेजचं बिल निम्म्यावर येतं.

आधी वही, मग पाना

आवाजाला नाव देत बसू नका. "टकटक" म्हणजे तुमची वेगळी, उस्तादाची वेगळी. आवाज कधी येतो ते लिहा. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर? चढाला? वळताना? क्लच दाबल्यावर जातो का? गाडीत एक छोटी वही ठेवा आणि आठवडाभर टिपत राहा.

त्यानंतर पहिली चाळणी. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये रेस द्या. रेसबरोबर आवाज वाढला, तर तो इंजिनाचा किंवा इंजिनाला जोडलेल्या भागांचा. उभ्या गाडीत काहीच येत नाही आणि रस्त्यावर वेगाबरोबर वाढतो, तर तो चाकाकडचा: बेरिंग, ब्रेक, टायर. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात क्षणभर न्यूट्रल करून बघा. रेस खाली आली तरी घूंऽऽ तसाच राहिला, तर इंजिनाला दोष देऊ नका. घाटात मात्र हा प्रयोग चुकूनही नको.

स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना टक-टक-टक येत असेल, तर पुढच्या चाकाच्या शाफ्टचा जॉइंट बघा. त्यावरचं रबरी बूट फाटून आत आपली काळी माती गेलेली असते आणि ग्रीस बाहेर उडालेलं असतं. बूट फाटल्याबरोबर बदललं तर जॉइंट वाचतो.

क्लचचंही एक सोपं गणित आहे. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेरिंग. पेडल दाबल्यावर उलट बंद झाली, तर गिअरबॉक्समधलं बेरिंग.

कान लावण्याआधी ऑइल

सकाळी गाडी सपाटीवर असताना डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर आधी भरा, कारण ऑइल कमी पडलं की आवाजाची सुरुवात बहुतेक वेळा वरच्या टॅपेटपासून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांपासून) होते. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर त्यात पाणी उतरतंय. हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घ्या आणि इंजिन तिथेच बंद करा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" या वाक्याने आपल्याकडे जेवढी इंजिनं मेलीत तेवढी दुसऱ्या कशाने मेली नसतील. टोचन लावून आणा, लाजायचं काही कारण नाही.

कोणता आवाज कशाचा

बोनेट उघडून चालत्या इंजिनाजवळ जाताना खांद्यावरचा गमछा, ओढणी, सैल बाह्या आधी बाजूला. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा मधेच सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं लांब.

ऐकायला यंत्र लागत नाही. ठिबकच्या १६ एमएम नळीचा दीडेक हात तुकडा शेतात कुठेही पडलेला असतो. एक टोक कानाला, दुसरं संशयाच्या जागेजवळ फिरवायचं. गळणारी हवा आणि सायलेन्सरची गळती यात लगेच सापडते. आतल्या ठोक्यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर बरा: टोक इंजिनाच्या अंगावर, मूठ कानापुढच्या हाडाला. बेल्टपासून दूर.

शिलाई मशीनसारखी हलकी टिकटिक वरून, व्हॉल्व्ह कव्हरकडून येत असेल तर टॅपेट. तिची लय इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्मी असते, कारण क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एकच फेरी होते. एकदा ही लय कानात बसली की विसरत नाही. जुन्या इंजिनात फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप सेट करतात. सेटिंगचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. मात्र अगदी अशीच टिकटिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट फुटल्यावरही येते. फरक असा, की ती गार इंजिनात जोरात असते आणि लोखंड तापून फुगलं की कमी होते. सांध्यापाशी काजळीचा काळा पट्टाही दिसतो. टॅपेट सेट करूनही टिकटिक राहिली म्हणून उस्तादावर चिडण्याआधी तो पट्टा शोधा.

सकाळी सेल्फ मारल्याबरोबर, किंवा एसी लावला की, किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेल्ट. चालत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर स्प्रेने थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर बेल्ट झिजलाय किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने उलट वाढला तर बेल्ट सैल. पाण्याचा काहीच परिणाम नसलेली घरघर म्हणजे बेरिंग: डायनामोचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं), वॉटर पंपाचं किंवा आयडलर पुलीचं. इंजिन बंद करून बेल्ट काढा आणि एकेक पुली हाताने फिरवा. खरखर बोटांना लागते.

पत्र्यासारखा, एका ठराविक रेसलाच झणझणणारा आवाज माणसाला सगळ्यात जास्त घाबरवतो आणि सगळ्यात कमी पैशात जातो. सायलेन्सरवरची उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल सुटलेली असते. गाडी गार झाल्यावर हाताने हलवून बघा. स्टीलची क्लिप आवळली की काम झालं. माझ्या एका सहकाऱ्याला याच आवाजावर कुणीतरी "हाफ इंजिन काढावं लागेल" असं सांगितलं होतं.

आता खरा घाबरायचा आवाज. खालून, खोल, घण मारल्यासारखा ठक-ठक. गरम झाल्यावर आणि लोड आल्यावर वाढतो. हे कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. खात्रीसाठी एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून ऐकतात. ज्याचा बंद केल्यावर ठोका मऊ पडतो, तो दोषी. हे नवख्याने उस्तादाच्या समोरच करावं. चालत्या इंजिनात प्लगची वायर हाताने ओढू नका, तिच्यात हजारो व्होल्ट असतात. असा ठोका ऐकू आला तर गाडी जिथे आहे तिथेच राहू द्या. बेरिंगवर निभावणारं काम पुढच्या वीस किलोमीटरमध्ये क्रँकवर जातं.

थंडीत, डिसेंबरच्या सकाळी, दोन-तीन मिनिटं ठोके येऊन इंजिन तापलं की बंद होत असतील, तर तो पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा सैल झालाय. म्हातारपणाचा खोकला समजा. ऑइल पीत नसेल तर यावर बरीच वर्षं निघतात.

कन्नडच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात चौथ्या गिअरला रेटताना काचेच्या गोट्या हलवल्यासारखी खळखळ येते, ती वेगळी. पेट्रोल वेळेआधी पेट घेतंय. आधी गिअर उतरवा. तरीही येत असेल तर टायमिंग, कार्बन, जास्त तापणारं इंजिन किंवा भेसळीचं पेट्रोल, या क्रमाने शोधा.

आवाज न करता घात करणारी एक वस्तूही सांगून ठेवतो: टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा. ८००सारख्या इंजिनात तो असतो आणि तुटण्याआधी बहुधा काही बोलत नाही. सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने कधी बदलला हे माहीत नाही, तर बदलून टाका. चेन असलेली इंजिनं त्या मानाने सांगून मरतात. सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळी आपटल्याचा आवाज येऊ लागला की ऑइल आणि टेन्शनर बघायला सांगा.

मिसिंग

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं. तीन सिलिंडरच्या गाडीत एक बंद पडला की सगळी गाडी डुलते, बोनेटपासून आरशापर्यंत. प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल हा क्रम ठेवा. वायरी तपासायची एक जुनी युक्ती: अमावस्येसारख्या अंधारात बोनेट उघडून चालतं इंजिन बघायचं, वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. फुटलेल्या वायरीतून निळ्या ठिणग्या उड्या मारताना दिसतात. बघायचं लांबून, हात खिशात.

इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली १६ पिनचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड येतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. एवढंच. प्लग गेला, कॉइल गेली की इंजेक्टर, हे कोड सांगत नाही. कोड वाचून थेट पार्ट मागवणारे लोक मी बघितलेत. त्यांच्या डिकीत चांगले जुने पार्ट भरपूर असतात.

उन्हाळा, पंखा आणि बोअरचं पाणी

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या बराच वर असतो. रस्त्यावर धावताना गाडी ठीक आणि बसस्टँडच्या गर्दीत काटा चढतो, तर पंखा बघा. एसी लावला की पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, मग रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच). फ्यूज बॉक्समधला हॉर्नचा रिले बऱ्याच गाड्यांत त्याच जातीचा असतो, तो अदलाबदल करून बघा. पंख्याला बॅटरीवरून थेट करंट दिल्यावर तो फिरला, तर मोटर चांगली आहे आणि दोष स्विच, सेन्सर किंवा वायरीत आहे.

पंखा ठीक असेल तर रेडिएटरच्या जाळीत वाकून बघा. कापसाच्या हंगामानंतर तिथे धूळ आणि तंतूंची गोधडी झालेली असते. मागून पुढे, हलक्या धारेने धुवा.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. आपल्या पाण्यातले क्षार किटलीत बसतात तसेच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतात. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरच्या गोष्टी चैनीच्या वाटतात, पण वर्षाला लागणारं चार-पाच लिटर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर नव्या रेडिएटरपेक्षा स्वस्तच पडतं. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे माहीत असूनही दरवर्षी कुणाचा तरी हात भाजतोच.

वायरिंग: सुरुवात बॅटरीच्या टोकापासून

इलेक्ट्रिकलच्या दोषात लोक घाईने मोठी वस्तू बदलतात. मीही बदलली. गाडी सकाळी सेल्फ घेईना. एकाने बॅटरी बदलायला लावली. आठवड्याने परत तेच. दुसऱ्याने सेल्फ खोलून कार्बन, बुश बदलले. पंधरा दिवस बरं, मग पुन्हा. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने मला हेडलाइट लावायला सांगितले. सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि हसला. केबल गरम होती. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी आतून कुजली होती. सेल्फचा करंट परत जायला वाट शोधत शोधत अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. पट्टी बदलायला वीस मिनिटं लागली. नवी बॅटरी आणि नवे बुश फुकट.

त्या दिवशी मल्टिमीटर घेतला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा पुरतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि तीन वेळा मोजा.

पहिलं, रात्रभर उभ्या गाडीत. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. दुसरं, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून. साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली. तिसरं, इंजिन चालू असताना: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. १३ च्या आसपास अडकलं तर डायनामो किंवा बेल्ट. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर. अशा गाडीत बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीचं पाणी आटतं.

हे आकडे चांगले असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर माझ्यासारखी चूक करण्याआधी अर्थ तपासा. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, मधल्या शिशावर), दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारा. मीटरने ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची वाट खराब. तसंच पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फचा जाड नट यांच्यामध्ये. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. खराब अर्थची आणखी लक्षणं: इंडिकेटर दिला की दुसराच दिवा मिणमिणतो, हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा हलतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा. धुऊन, वाळवून, घट्ट आवळून वर व्हॅसलीन. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हच्या नटवरचा पाना बॉडीला टेकला की वेल्डिंग होतं.

मीटर नसेल तर कानाने: सेल्फला टकटकटकटक भराभर आलं तर बॅटरी किंवा ढिलं टर्मिनल. एकच दणदणीत टक आणि पुढे शांतता, तर सेल्फ किंवा त्याची जोडणी. काहीच आवाज नाही, तर चावीचा स्विच, रिले, फ्यूज.

एका रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

८००ची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. गाडी बंद असताना अर्धा अँपिअर जरी कुठे गळत असेल, तरी तीन दिवसांत ती रिकामी. गळती अशी शोधा:

१. चावी काढा, दारं बंद, डिकी बंद. बोनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा.
२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मीटर १० अँपिअरवर ठेवून त्या वायरी आणि खांबामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही.
३. अर्धा तास थांबा. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपायला वेळ घेतात.
४. आकडा ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर गळती नाही. जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, ती लाइन चोर.

बहुतेक वेळा चोर कंपनीचा नसतो, आपणच बसवलेला असतो: टेपचा अॅम्प्लिफायर, सेंट्रल लॉक, पायाशी लावलेली एलईडीची पट्टी. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल, तर डायनामोचा डायोड. तो फ्यूज बॉक्सच्या आधीच बॅटरीला जोडलेला असतो.

फ्यूज परत लावताना रंग बघा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याला चहा पाजा, फ्यूज बॉक्सला हात लावू देऊ नका. तीच गोष्ट १०० वॅटच्या हेडलाइट बल्बची. मूळचे ६०/५५ वॅटचे. १०० वॅटचे दोन बल्ब मिळून सोळा अँपिअरच्या वर ओढतात आणि स्टेअरिंगवरचा स्विच वितळतो. लावायचेच असतील तर वेगळा रिले आणि जाड वायर.

उंदीर

गावाकडे गाडी कडब्याच्या गंजीशेजारी किंवा सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत लावत असाल, तर कुठलाही इलेक्ट्रिकल दोष शोधताना आधी उंदीर. माझ्या एअर फिल्टरच्या डब्यात एकदा मूठभर शेंगांची टरफलं आणि सरकीसकट कापूस निघाला. डब्यात बिऱ्हाड, तर वायरिंगला दात लागलेच म्हणून समजा. बोनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेलं इन्शुलेशन शोधा. मिळालेल्या वायरी नुसत्या टेपने गुंडाळू नका, सोल्डर करून त्यावर स्लीव्ह घाला. तंबाखू, डांबरगोळ्या, लाल मिरची सगळं करून झालं. आठ दिवस वास असतो तोवर चालतं. जागा बदलणं आणि रात्री बोनेट वर ठेवणं, हेच त्यातल्या त्यात टिकलं.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

"आवाज येतोय, बघा जरा" असं म्हणू नका. वही उघडा. "गार असताना येतो, तापल्यावर जातो, वरून येतो, रेसबरोबर वाढतो. ऑइल बरोबर आहे. मॅनिफोल्डपाशी काजळी दिसली." किंवा, "बॅटरी १२.६, चालू असताना १४.१, सेल्फ मारताना निगेटिव्ह बाजूला ०.८ पडतंय." पहिल्यांदा हे बोललो तेव्हा उस्तादाने चष्म्यावरून बघितलं, पोराला हाक मारली आणि म्हणाला, "छोटू, सेल्फ मत खोल. मास्टरजी अर्थ पकड के लाए हैं."